नियती कुठे लावावी?



"जे व्हायचं ते होणारच, मग कशाला धावपळ?" हे वाक्य आपल्याकडे धर्माचं म्हणून बोललं जातं. खरं तर हे मत गोशालकाच्या आजीवकांचं.

उपासकदशांग सूत्रात १० श्रावकांच्या कथा आहेत. सातवी सकडालपुत्र कुंभाराची. पोलासपूरबाहेर त्याची मडक्यांची ५०० दुकानं होती आणि तो पक्का नियतीवादी होता. भगवान महावीरांनी विचारलं, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? तो म्हणाला, प्रयत्नाविना, सगळं ठरलेलंच असतं. मग कोणी तुझी मडकी फोडली, तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी, वाईट वागलं तर? तो म्हणाला, मी त्याला शिक्षा करीन. पण सगळं ठरलेलंच, तर त्या माणसाचा दोष काय? सकडालपुत्राला उमगलं. त्याने श्रावकाची १२ व्रतं घेतली.

आपणही तसंच करतो. आपलं मडकं फुटलं की कोणी फोडलं ते शोधतो, दुसरीचं फुटलं की "तिचं नशीब" म्हणून मोकळ्या होतो.

आपल्या धर्मात पाच समवाय सांगितले आहेत: काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. पाचही मिळून कार्य होतं. निकाचित कर्म भोगावंच लागतं, पण बाकीच्या कर्मांचा जोर तपाने, शुद्ध भावाने कमी होतो. नाहीतर रोजचं प्रतिक्रमण कशासाठी? मी कॉमर्सची, मला हे वहीसारखं दिसतं. आरंभीची शिल्लक मागच्या पानावरून येते, ती खोडता येत नाही. आजची नोंद मात्र आपल्या हातची.

माझ्या नणंदेला छातीत गाठ लागली. "कर्मात असेल तसं होईल," म्हणत त्या दोन महिने तपासणी टाळत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, स्थानकात येताना दाराला कुलूप का लावता? चोरी व्हायची तर होईलच की!" त्या आधी हसल्या, मग रडल्या. खरी भीती तेव्हा बाहेर आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

आता उपचार सुरू आहेत. "आधी आले असते तर..." असं त्या म्हणतात, तेव्हा मात्र मीच त्यांना सांगते, "झालं ते तसंच व्हायचं होतं, वन्सं." नियती मागच्या दिवसांना लावावी. पुढच्या तारखेला रिक्षा बोलवायची, फाईल घ्यायची आणि वेळेवर निघायचं.