रंगवलेला चेहरा आणि आपली नातवंडे

पुरीम आला की आपल्या घरोघरी सोंगे निघतात. कोकणात आपले वाडवडील याला 'होळीचा सण' म्हणत. सोंगांचे वावडे तिथेही नव्हते. गावात बहुरूपी पोलिसाच्या वेषात येऊन दरडावू लागला, की मोठी माणसे हसत आणि पोरे आईच्या पदरामागे दडत. इथे त्याची जागा लाल नाकाच्या लेत्सानने, म्हणजे विदूषकाने, घेतली. पोरांचे दडणे मात्र तेच!

आमच्या घरातलेच पाहा. पाच वर्षांची नात स्वतःच लेत्सान होऊन गानमध्ये मिरवते. दीड वर्षाचा नातू मात्र रोजच्या शेजाऱ्याने तोंड रंगवले तरी किंचाळून आमच्या गळ्याला मिठी मारतो. मंडळी हसतात, कुणी फोटो काढतो, कुणी "अरे, जोकरला काय भितोस?" म्हणत त्याला आणखी पुढे ढकलतो. हे आम्हाला मुळीच पटत नाही. आठ-नऊ महिन्यांचे मूल आपले-परके ओळखू लागते. समोरचा माणूस प्रेमाने आला की रागाने, हे ते डोळे-ओठ पाहून ठरवते. विदूषकाचे हसू तर रंगाने काढलेले. आतला माणूस चिडलेला असो की थकलेला, ते हलत नाही. मग मूल रडेल नाही तर काय करील? थोडे मोठे झाले की रंगाखाली माणूस आहे हे त्याला उमगते.

तरी सगळ्यांचीच भीड चेपते असे नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने ४ ते १६ वर्षांच्या २५० हून अधिक मुलांना इस्पितळाच्या सजावटीविषयी विचारले. २००८ साली निष्कर्ष जाहीर झाला : विदूषकांची चित्रे मुलांना नकोत. चित्र लावणाऱ्यांना वाटले असेल, पोरे खूश होतील!

पण भिंतीवरच्या विदूषकाला मागे सरकता येत नाही, जिवंत विदूषकाला येते. न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली सर्कशीतले विदूषक आजारी मुलांकडे जाऊ लागले. आपल्या इस्राएलात २००२ साली 'ड्रीम डॉक्टर्स' हा उपक्रम निघाला, आणि २००६ साली हैफा विद्यापीठात या कामाचा पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला.

आमचा थोरला नातू सहा वर्षांचा असताना आठवडाभर इस्पितळात होता. निदान होईना, सूनबाईच्या डोळ्याला डोळा लागेना. पहिल्या दिवशी एक लेत्सानबाई दारात उभी राहिली. तोंडाला रंग नाही, नुसते लाल नाक. "आत येऊ?" पोर म्हणाले, "लो!" बाई वळली, चौकटीवर आपटली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिचारी एवढी येते आणि हा असा, म्हणून आम्हीच ओशाळलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पोराने विचारले, "सावता, ती अजून कशी आली नाही?"

रक्त काढायला नर्स आली तेव्हा बाई खोलीतच होती. सुई पाहताच ती पलंगाखाली शिरली. नातवाने एक हात नर्सपुढे केला, दुसरा खाली सोडला आणि तिला म्हणाला, "भिऊ नकोस, माझा हात धर."