परसातली फुले ज्योती

आज मिरचीच्या वाफ्यासाठी जीवामृत ढवळलं. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ नि बेसन, वडाखालची मूठभर माती. आंबूस वास सुटला की मला हुरूप येतो.

वाफ्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती मिरची आहे, घोसाने लागणारी. रोज शेंड्याची पानं उलटून बघते: कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. पानं मुरडण्याचा हा रोग, बोकड्या, एकदा पसरला की झाड हातचं जातं, म्हणून निंबोळी अर्क तयारच असतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणं जपलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं ऐकल्यापासून निरोगी झाडावरच्या चार मिरच्या बियाण्यासाठी लाल होऊ देते. ठेच्याला बाकीच्या पुरतात.