पत्र कोणाच्या नावे?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावर गडेगाव लागते. १९८२ पासून येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या परवान्याने जड वाहनांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स येथे तयार होऊ लागले. भातशेतीच्या या मुलखाला लोखंडाच्या दातांची ही नाजूक कला शिकावी लागली, याचे आम्हांला आजही कौतुक वाटते.

गिअरबॉक्सचे काम इंजिनाची ताकद चाकांकडे नेण्यापुरते नसते. उतारावर चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, तेव्हा इंजिनच तिला मागे ओढून धरते. चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटून न्यूट्रल झाला की हा आधार नाहीसा होतो, साऱ्या ओझ्याचा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते.

हा दोष एखाद्याच गाडीत असेल तर मिस्त्री पुरतो. तोच दोष कारखान्यातून निघालेल्या हजारो गाड्यांत असेल तर त्या साऱ्या परत बोलाविणे हाच उपाय, आणि तेथेच माणसाच्या सचोटीचा कस लागतो. जपानमधील यामागुची प्रांतात ऑक्टोबर २००२ मध्ये मित्सुबिशीच्या एका मालट्रकचे क्लच हाउसिंग तुटले. प्रॉपेलर शाफ्ट निखळून पडला, ब्रेक निकामी झाले आणि चालक प्राणास मुकला. कंपनीला हा दोष आधीपासून ठाऊक होता; शासनाला न कळविता गुपचूप दुरुस्त्या चालल्या होत्या. गाड्या उघडपणे परत बोलाविल्या गेल्या त्या २००४ मध्ये. २००८ च्या जानेवारीत न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षांसह काही अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. शिक्षा मात्र स्थगित ठेवली.

आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेची आचारसंहिता आणली. कायद्याचे बळ मिळाले ते २०१९ च्या दुरुस्तीने. चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होईल असा दोष आढळल्यास ती वाहने परत बोलाविण्याचा आदेश केंद्र शासन आता देऊ शकते. उत्पादकाने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. स्वतःहून दोष कळविणाऱ्या उत्पादकास दंड नाही. ही तरतूद आम्हांला शहाणपणाची वाटते. मात्र १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांचाच विचार आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका ट्रकचालकाला आम्ही हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. तो मँगनीजच्या खेपा करतो. चढ-उतारावर गिअर सुटू नये म्हणून त्याने दांडा जुन्या ट्यूबच्या रबराने बांधलेला आम्ही पाहिला होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, पत्र आलं तर ते पहिल्या मालकाच्या घरी जाईल. मी तिसऱ्याचा डायवर आहो. अन् गाडी अकरा वर्षांची झाली."

आम्ही निरुत्तर झालो. गाडी तीनदा विकली गेली म्हणून तिच्यातील जन्मजात दोष विकला जात नाही, तो गाडीबरोबरच फिरतो. मालक कागदावर असतो, क्लचवर पाय दुसऱ्याचाच असतो, आणि त्या पत्राची गरज खरे तर त्या पायाला असते.

यावर एक सोपा मार्ग आम्हांला दिसतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. त्या वेळी चेसिस क्रमांक परत बोलाविलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहावा. दुरुस्ती राहिली असेल तर ती झाल्याविना प्रमाणपत्र देऊ नये आणि वयाची अट तेथे आड आणू नये. खर्च उत्पादकाचा. गाडी उभी राहील त्या दिवसांची चालकाची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न मात्र त्या चालकाच्या पत्नीने आम्हांला विचारला, आणि कायद्यात त्याची सोय आम्हांला कोठे दिसली नाही.