फोटो आहेत हो, पण नावं?

‘अपडेट नाऊ’ या बटणाला ठाम नकार देणारा माणूस मला अजून भेटायचाय! ऑफिसात ठीक असतं. काही बिघडलं की आयटीवाल्यांना फोन लावायचा आणि चहाला जायचं. घरी मात्र आयटीवाले आपणच.

माझं फोटोंचं सॉफ्टवेअर असंच अपग्रेड झालं आणि लगेच संपावर गेलं. लोगो दिसायचा, विंडो अर्धवट उघडायची आणि गायब. पुन्हा डबल क्लिक, पुन्हा गायब!

आता खरं सांगायचं तर यात फोटो कुठेही जात नाहीत. ते हार्ड डिस्कवर आपापल्या फोल्डरमध्ये निवांत असतात. सॉफ्टवेअरकडे असतो तो कॅटलॉग, म्हणजे एक वही. कुठला फोटो कुठे आहे, काय एडिटिंग केलंय, खाली कुणाचं नाव लिहिलंय, एवढ्याच नोंदी त्यात. पण माझा जीव अडकला होता तो त्या वहीतच. घरातले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्कॅन करून मी आत्याला एकेक दाखवले होते आणि ती सांगेल तसं टाइप केलं होतं. ‘ही साताऱ्याची माई. आणि ती कोपऱ्यातली, तिचं नाव नको गं लिहूस, फार भांडण झालं होतं!’ आत्या आता नाही. स्कॅन पुन्हा करता येतील, पण ही नावं कुणाला विचारणार?

मित्रांचा सल्ला ठरलेला, ‘सगळं उडव आणि पुन्हा टाक.’ थांबा! आधी कॅटलॉगची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्यायची. अपग्रेडच्या आधीचा जुना कॅटलॉग शिल्लक असेल तर तोही जपायचा, कारण नवा कॅटलॉग जुन्या व्हर्जनमध्ये सहसा उघडत नाही.

मग नवा, रिकामा कॅटलॉग उघडून बघायचा. तो नीट चालला तर दुखणं जुन्या कॅटलॉगमध्ये किंवा एखाद्या खराब फोटोत. माझ्याकडे तोही कोसळला, म्हणजे कॅटलॉग निर्दोष! अर्धं टेन्शन तिथेच गेलं. पुढचा संशयित प्रेफरन्सेसची फाइल. ती डिलीट करायची नाही, नुसतं नाव बदलायचं. सॉफ्टवेअर नवी बनवून घेतं. तरीही तेच. शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डोकावले. कुठल्या फाइलपाशी प्रोग्रॅम पडला, ते तिथे लिहिलेलं असतं. नाव निघालं ग्राफिक्स ड्रायव्हरचं. नवं व्हर्जन वेग वाढवायला बरंच काम ग्राफिक्स कार्डावर ढकलत होतं आणि जुन्या ड्रायव्हरला ते झेपत नव्हतं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि माई पुन्हा स्क्रीनवर हजर. नावासकट!

पण म्हणून निर्धास्त राहू नका. ॲपलने ‘ॲपर्चर’चं काम थांबवत असल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं, गूगलने २०१६ मध्ये ‘पिकासा’ बंद केलं. सॉफ्टवेअरचं आयुष्य असं, म्हणून नावं एकट्या वहीच्या भरवशावर ठेवू नयेत. ती फोटोच्या फाइलमध्येच लिहिता येतात. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेटाडेटा फाइलमध्ये सेव्ह करा’ अशी सोय असते. जेपेग असेल तर कॅप्शन फोटोच्याच पोटात जाते. रॉ फोटो असेल तर सहसा शेजारी एक छोटीशी ‘एक्सएमपी’ फाइल तयार होते. फोटो हलवताना तिलाही सोबत न्यायचं. मग उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नावं फोटोबरोबरच जातात.

तेव्हा या वीकेंडला पुढच्या अपडेटला ‘हो’ म्हणण्याआधी एवढं उरकून टाका. आणि घरातल्या जुन्या फोटोंमधले चेहरे ओळखणारं कुणी अजून असेल, तर लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा. चहा तेच पाजतील!