धूळ कोणती, पाऊस कोणता?

१/ अकोले तालुक्यातील राजूरच्या पावसाचे एखादे जुने चित्रण संगणकाने ‘स्वच्छ’ केले, तर धुळीबरोबर पाऊसही पुसला जाऊ शकतो. हे गमतीने म्हटलेले नाही. जुन्या फिल्मवरील डाग काढणारे सॉफ्टवेअर ज्या तर्कावर चालते, त्याचाच हा परिणाम आहे. हा धागा त्या तर्काविषयी आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यात दडलेल्या धोक्याविषयी.

२/ बोलपटात दर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. धुळीचा कण साधारणतः एकाच फ्रेमवर बसलेला असतो. म्हणून सॉफ्टवेअर लागोपाठच्या तीन फ्रेम ताडून पाहते. केवळ मधल्या फ्रेममध्ये दिसणारा ठिपका ते धूळ ठरवते आणि ती जागा मागच्या-पुढच्या फ्रेमवरून भरून काढते. परंतु कोसळणारा थेंबही पुढच्या फ्रेमपर्यंत जागेवर थांबत नाही. होमातली ठिणगी, उधळलेला गुलाल, नदीत उडी घेताना उसळलेले तुषार यांचीही तीच गत. क्षणभंगुर ते सारे यंत्राच्या लेखी मळ ठरते.

३/ ‘स्टक पिक्सेल’चा दोष याच्या नेमका उलट. तो फिल्मचा नव्हे, स्कॅनरच्या सेन्सरचा. एखादा बिंदू एकाच रंगावर अडकतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी उमटतो. शेजारच्या फ्रेमकडे पाहून उपयोग नसतो, कारण तिथेही तोच बिंदू असतो. त्यामुळे त्याच फ्रेममधील भोवतालच्या पिक्सेलवरून ती जागा भरावी लागते.

४/ काही स्कॅनर चित्र एकेका ओळीने टिपतात. तिथे एक बिंदू बिघडला की चित्रभर उभी रेघ उमटते आणि ती ओरखड्यासारखी भासते. फिल्मवरचा खरा ओरखडा बहुधा थोडा हेलकावतो. यंत्राची रेघ मात्र जागा सोडत नाही.

५/ राजूर-भंडारदरा परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात. अशा अंधारातील डिजिटल चित्रणात काजवा आणि कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेल सारखेच दिसू शकतात. कॅमेरा हलवला तरी जो फ्रेममध्ये तिथेच राहतो, तो पिक्सेल. जो मिटतो आणि दुसरीकडे उजळतो, तो काजवा.

६/ डागही पुरावा असतो. निगेटिव्हवर धूळ असताना प्रत काढली, तर त्या जागी प्रकाश पोहोचत नाही आणि प्रतीवर पांढरा ठिपका उमटतो. खुद्द प्रतीवर बसलेली धूळ मात्र काळी दिसते. म्हणजे ठिपक्याच्या रंगावरून तो दोष कोणत्या पिढीत शिरला, हे कळते.

७/ महाराष्ट्रासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झाला होता. २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मही जळाल्या. दादासाहेब फाळके यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग सुदैवाने उरला आहे. त्यात बाळकृष्ण साकारला आहे त्यांची कन्या मंदाकिनी हिने.

८/ रंगीत फिल्मवरील धूळ अवरक्त किरणांनी वेगळी ओळखता येते, कारण रंगद्रव्ये त्या किरणांना अडवत नाहीत, धूळ अडवते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र धुळीप्रमाणेच त्यांना अडवते. त्यामुळे फाळक्यांच्या काळातील चित्रांपुढे ही युक्ती चालत नाही. शेवटी माणसाच्या नजरेलाच निवाडा करावा लागतो.

९/ असा निवाडा कसा करावा, याचा धडा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठभेद फेकले नाहीत. ते तळटीपांत नोंदवले. त्यामुळे संपादकांशी असहमत होण्याचा अधिकार पुढच्या अभ्यासकाकडे शाबूत राहिला.

१०/ चित्रपटालाही हाच न्याय लागू व्हावा. प्रेक्षकांसाठी स्वच्छ प्रत जरूर करावी. मात्र हात न लावलेले मूळ स्कॅन आणि कुठे काय पुसले याची नोंद, दोन्ही जपावीत. नायट्रेट फिल्म जळते, तेव्हा निदान राख दिसते. पुसलेल्या पावसाचा मागमूसही उरत नाही.