माळाचं देणं

मराठवाड्यातल्या पालमचा माळ बघायचा तर वेळ अमावास्येच्या सुमारास बघावा. गोदाकाठची काळी जमीन मागं पडते, बालाघाटाच्या अंगाला चढ लागतो, माती मुरमाड होत जाते, झाडं बुटकी होतात आणि आभाळ एकदम मोठं होतं. पवन्या आणि कुसळीचं गवत वाळून पिवळंजर्द झालेलं असतं. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर, तरवडाची दोन-चार झुडपं. खालच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे लागू लागलेले, तुरी वाळत चाललेल्या. मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात आणि कुणी आरोळी दिली की एकगठ्ठा उठतात. या दिवसांत भल्या सकाळी माळावर उभं राहिलं की हरणं दिसतात. पालमच्या हरणांना अभयारण्य नाही. हा माळ आणि त्याच्या कडेची आमची शेतं, एवढंच त्यांचं घर.

वेळ अमावास्या, आमच्या तोंडी येळवस, म्हणजे सगळं गणगोत शेतात नेण्याचा सण. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, खिरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग झाडाखाली पंगत. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं एखादे वेळी दिवाळी चुकवतील, येळवस चुकवत नाहीत. यंदा भाचरं मुक्कामाला राहिली आणि त्यांनी हट्ट धरला, हरणं जवळून बघायची. आत्या म्हणाली, “मग त्या पारध्याच्या काकांना सांगा. हरणाची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठावं नाही.” काका गावाबाहेरच्या वस्तीवर राहतात. फासेपारधी. त्यांच्या आजोबांनी याच माळावर हरणं धरली. काका आता दुसऱ्याच्या शेतात जागलीला जातात, हरणांपासून पीक राखतात.

उजाडायच्या आत निघालो. काकांनी मूठभर वाळकं गवत चुरून वर सोडलं आणि ते कुठं जातं ते पाहिलं. “वारं तोंडावर पायजे,” ते म्हणाले, “आपला वास मागं ऱ्हायला पायजे.” भाच्याच्या पांढऱ्या शर्टावर भाऊजींनी आपली घोंगडी टाकली. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, एकामागं एक चालायचं. बंदूक नव्हती, फास नव्हता, बाकी सगळं शिकारीचंच होतं: तीच चाल, तोच दबलेला श्वास, तीच छातीतली धडधड.

एका ठिकाणी काका खाली बसले. दवानं ओल्या मातीत खूर उमटलेला होता. दोन निमुळत्या खुणा, पुढं टोकदार, जवळजवळ चिकटलेल्या. “चालत गेलंय,” काकांनी पोरांच्या कानाशी सांगितलं. “पळालं असतं तर खूर फाकला असता.” चार पावलांवर लेंड्यांचा ढीग होता, वरचा थर ताजा, ओलसर, खालचा वाळून पांढरट झालेला. ही काळविटाची हद्द. नर रोज येऊन त्याच ढिगावर भर घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीतून झिरपणारा चिकट द्रव काडीला घासतो आणि आपली जागा राखतो. काकांनी शेजारचीच एक काडी दाखवली. तिच्या टोकाला काळसर, डिंकासारखा ठिपका होता. भाची तो ठिपका बराच वेळ बघत राहिली.

मग तो दिसला. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि वळसे घेत वर गेलेली कंगोरेदार शिंगं. समोर तांबूस रंगाच्या माद्यांचा कळप चरत होता. त्यांना बिनशिंगांची डोकी, हलके पाय, सतत हलणारे कान. काळविटानं नाक आभाळाकडं उचललं, त्यामुळं शिंगं पाठीवर टेकली, आणि तो आखूड, मोजून-मापून पावलं टाकत एका मादीकडं निघाला. घशातून घोगरा, खरखरीत आवाज काढत होता. मादी बाजूला सरली. तो थांबला, पुन्हा नाक वर, पुन्हा तीच पावलं. त्या चालीतला डौल बघताना वाटलं, पूर्वी ज्यांनी हरणं मारली त्यांनाही हा क्षण दिसलाच असणार आणि त्यांचाही हात थोडा वेळ थबकला असणार.

आपल्या वाङ्मयातली सर्वांत गाजलेली हरणाची शिकार याच गोदावरीच्या काठची आहे, वर नाशिकला, पंचवटीतली. तीही घरातल्या माणसाच्या हौसेखातर निघालेली. त्या एका कातड्याच्या मोहानं सगळं घर उद्ध्वस्त झालं, ही गोष्ट आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून गंभीरपणे सांगतात. मनुस्मृतीत तर काळवीट जिथं आपणहून फिरतं तो देश यज्ञाला योग्य मानला आहे. म्हणजे हरीण हे भूमीच्या शुद्धतेचं माप होतं. आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्याची शिकार झाली. राजांनी ती हौसेनं केली, पारध्यांनी पोटासाठी.

पारध्यांची रीत काका सांगतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. स्नायूंच्या तंतूंचे फास ओळीनं माळावर रोवायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाला हळूहळू तिकडं वळवायचं. किंवा माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाजवळ सोडायचं. कळपातला नर हद्द राखायला त्याच्यावर चालून येणार आणि शिंगात शिंग अडकणार. “गाभण असली तर आमचा आजा फास सोडायचा,” काका म्हणाले. “पाडस बी सोडायचा. तेच मोठं होऊन पुढच्या साली येतंय की.” ही केवळ एका घराची आठवण नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी फासेपारध्यांच्या याच रिवाजाची नोंद करून ठेवली आहे. ज्याचं पोट हरणावर, त्यानंच हरणाची वीण जपायची, हा त्या समाजाचा कायदा होता.

बाहेरच्या जगाचे कायदे मात्र त्यांच्यावर कोसळत राहिले. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवायची रीत पाडली आणि पारधी तिच्यात भरडले गेले. १९५२ साली तो कायदा संपला. मनातला शिक्का अजून गेलेला नाही. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. त्याला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद. हा कायदा झाला हे फार चांगलं झालं. तो नसता तर आज माळावर काहीच दिसलं नसतं. पण त्याच दिवशी एका समाजाची पिढीजात विद्या गुन्हा झाली आणि तिच्या बदल्यात त्याच्या हाती काही पडलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

आम्ही बघत होतो तेवढ्यात कळपातल्या एका मादीनं मान वर केली. वारा फिरला असावा. क्षणभर सगळा कळप दगडासारखा स्थिर झाला. मग तिनं एक उडी मारली, सरळ वर, चारी पाय जमीन सोडून. पळण्याची नव्हे, इशाऱ्याची उडी. दुसरीनं मारली, तिसरीनं मारली, आणि मग कळप निघाला. धूळ उडाली, खुरांचा बारीक, भराभर आवाज आला, आणि पोरांनी श्वास सोडेपर्यंत हरणं पलीकडच्या उतारावर होती.

काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळू शकतं. आज या माळावर त्याला एवढ्या वेगानं गाठणारं कुणी नाही. लांडगा आहे, पाडसांवर टपलेला कोल्हा आहे, आता भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या झाल्या आहेत. पण हा वेग त्यांच्यासाठी नाही. तो चित्त्यासाठी आहे. हजारो वर्षं चित्ता काळविटामागं धावला आणि दोघांनी एकमेकांना वेगवान केलं. राजेरजवाड्यांनी तेच चित्ते पकडून, माणसाळवून काळविटांवर सोडले. अकबराच्या पदरी चित्ते होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्याही होते. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी, आमच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्याच दिवशी, नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोत सोडले गेले. पालमच्या हरणांचा चित्ता परतलेला नाही. तरी ती धावतात तशीच, पूर्ण ताकदीनं.

परतीच्या वाटेवर भाऊजींचं हरभऱ्याचं रान लागलं. धुऱ्याच्या बाजूचे पट्टेच्या पट्टे खुडलेले होते, शेंडे गेलेले, घाटे गेलेले. भोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या, एका अंगाला झटका मशीनची तार होती. पावसाळ्यात सोयाबीन उगवून वर आलं की तेही असंच खुडलं जातं. भाऊजी खाली बसले, एक झाड हातात धरलं आणि पोरांना म्हणाले, “बघायला लई देखणं जनावर हाय. मलाबी आवडतं. पर रात्रभर जागल करून सकाळी हे बघावं लागतंय.” आवाजात राग नव्हता. थकवा होता. थंडीच्या रात्री शेकोटी करून बसायचं, बॅटरी फिरवायची, आरोळ्या ठोकायच्या, आणि पहाटे डोळा लागला की कळप आत. पिकाच्या नुकसानीची भरपाई शासन देतं. त्यासाठी अर्ज, पंचनामा, कार्यालयाच्या खेपा. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या खेपांचा दिवसही परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत.

हेच काळवीट सातासमुद्रापार टेक्सासच्या गवताळ टेकड्यांवरही आहे. १९३२ च्या सुमारास ते तिथं नेलं गेलं आणि आता हजारोंनी वाढलं आहे. तिथं कुटुंबंच्या कुटुंबं वाटाड्या घेऊन त्याच्या शिकारीला जातात आणि जमिनीच्या मालकाला त्याचे पैसे मोजतात. त्या पैशासाठी मालक गवत राखतो, पाणी ठेवतो, कळप जपतो. तो मार्ग मला आपल्या माळावर नको. बंदुकीच्या आवाजानं जपलेलं हरीण आमच्या पोरांना दाखवावंसं मला वाटत नाही. पण त्या व्यवहारातली एक गोष्ट खरी आहे: ज्याच्या जमिनीवर हरीण जगतं, त्याचं नुकसान होत नाही. आपल्याकडं नेमकं उलट आहे. कायदा सगळ्यांचा, अभिमान सगळ्यांचा, फोटो सगळ्यांचे आणि खुडलेला हरभरा एकट्याचा.

हरणाला माळ हवा. सरकारी दप्तरात माळाला पडीक म्हणतात आणि पडीक दिसलं की कुणाला तिथं झाडं लावायची असतात, कुणाला प्रकल्प उभा करायचा असतो. गवत हेच माळाचं रान आहे, ते गेलं की हरीण शेतातच येणार. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० पासून काळविटांसाठी अभयारण्य आहे. पालमला तेवढं नाही झालं तरी चालेल. गायरानं गवताची राहू द्यावीत, ती नांगरली जाऊ नयेत. भरपाई वेळेवर आणि मानानं मिळावी, पंचनाम्याला माणूस शेतकऱ्याच्या बांधावर यावा. आणि हरीण बघायला येणाऱ्यांना वाट दाखवण्याचं काम काकांच्या वस्तीतल्या पोरांना मिळावं, कारण ती विद्या त्यांच्या घरची आहे आणि काका गेले की तीही जाईल.

तुम्हीही या, मुलाबाळांना घेऊन या. गवतात एकटं निजलेलं पाडस दिसलं तर हात लावू नका, ते टाकलेलं नसतं. आई जवळच चरत असते. गाडी पिकात घालू नका. वाटाड्याला त्याच्या कामाचे पैसे मोजून द्या आणि ज्याच्या बांधावर उभे राहिलात त्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला, त्याचं नुकसान ऐकून घ्या. हरीण जर आपल्या सगळ्यांचं असेल, तर त्याचा घास एकट्या शेतकऱ्याच्या ताटातून जाता कामा नये.