कपाटातला हुकूमनामा

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर झालेला जुना हुकूमनामा घेऊन माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा त्याने तो कागद बहुतेकदा नीट वाचलेला नसतो. माझी बरीच वर्षं दिवाणी कोर्टात दरखास्तींच्या, म्हणजे हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीच्या अर्जांच्या, कामात गेली. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पाकीट फोडलेलं असतं, रकमेचा आकडा बघितलेला असतो आणि कागद कपाटात साड्यांच्या खाली गेलेला असतो. घरच्यांना कळू नये म्हणून. या लाजेने जेवढं नुकसान होतं तेवढं व्याजानेही होत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. कारखाना बंद पडल्यावर काही महिने घर कार्डावर चाललं. महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. ते दरमहा किमान रक्कम भरत राहिले आणि मुद्दल जागचं हललं नाही. मग हप्ते थांबले, दावा लागला. समन्स गेलं ठाण्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर. बेलिफाचा शेरा मी फाइलमध्ये वाचला : ‘प्रतिवादी मिळून आले नाहीत, घरास कुलूप, समन्सची प्रत दर्शनी भागी डकवली.’ त्या कुलपामागे कधीच दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. दावा एकतर्फी निकाली निघाला.

त्यांचा पहिला प्रश्न होता, “वकीलसाहेब, मला आत टाकतील का हो?”

“नाही काका,” मी म्हटलं. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे स्पष्ट केलं आहे. जवळ पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून ऋणकोला दिवाणी तुरुंगात धाडता येत नाही; ऐपत असून तो लबाडीने टाळतो आहे, हे दिसावं लागतं. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच होत नाही. पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारंही जप्त होत नाहीत.

ही संरक्षणं कुणी सहज दिलेली नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांना हात घातला. कर्जरोख्यांबरोबर हुकूमनामेही लोकांच्या रोषाचे धनी झाले, कारण त्यांतले कित्येक कुळाच्या गैरहजेरीत, एकतर्फी झालेले होते. चौकशी आयोग बसला, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायाधीशाने कर्जाचा मागचा इतिहास तपासावा आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद होऊ नये, असं त्यात आलं. गैरहजर ऋणकोचं दुःख इतकं जुनं आहे.

पण कायदा हजर माणसालाच वाचवू शकतो. ‘तीन वर्षं उलटली, आता काही होत नाही’ हा सल्ला नाक्यानाक्यावर मिळतो. तीन वर्षांची मुदत दावा लावायची. हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीसाठी बारा वर्षं मिळतात. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, मात्र तो कळल्यापासून तीस दिवसांत. कपाटातल्या कागदाला ही मुदत कशी कळणार?

काकांची खरी अडचण वेगळीच निघाली. हुकूमनाम्यानंतर एका वसुली एजंटाने तडजोड करून दिली होती. त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडून एकरकमी पैसे भरले, पत्र घेतलं आणि सुटलो म्हणून झोपले. काही वर्षांनी पूर्ण रकमेची दरखास्त आली. कोर्टाबाहेर भरलेला पैसा कोर्टात नोंदवून घ्यावा लागतो. धनकोने नोंदवला नाही तर ऋणकोने तीस दिवसांत अर्ज द्यायचा असतो. न नोंदवलेला भरणा अंमलबजावणी करणारं कोर्ट मानत नाही. पाटल्या गेल्या आणि हुकूमनामा जिवंत राहिला. मला या नियमाचा राग येतो. ज्याला समन्सच मिळालं नाही, त्याला ही तरतूद कुणी सांगायची?

ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. पत्र पुढे ठेवल्यावर प्रकरण लोकअदालतीत गेलं, बँकेच्या अधिकाऱ्याने भरलेली रक्कम मान्य केली आणि किरकोळ बाकीवर ते मिटलं. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. त्या दिवशी काकू पहिल्यांदा कोर्टात आल्या होत्या. पाटल्यांचं काय झालं हे त्यांना ठाऊक होतं, कशासाठी ते नव्हतं.

तुमच्या घरात असा कागद असेल, तर त्यावरचा दाव्याचा नंबर, कोर्टाचं नाव आणि तारीख आज वाचा. त्या कोर्टात प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. वकिलाची फी परवडत नसेल, तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तर तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि जाताना घरच्यांना सांगून जा.